खेळणाऱ्या मुलांचे गुडघे

गेल्या माघांत आमच्या धाकट्या बंधूंची नात खो-खोच्या सामन्यांत पाठलाग करितां करितां एकाएकीं खालीं बसली. तिला कोणी ढकललें नव्हतें. ती कोणावर आदळली नव्हती. मैदानावर खड्डा नव्हता, कीं ओलहि नव्हती. वेगानें खांबाशीं यावयाचें, बाहेरच्या पायावर भार टाकावयाचा आणि वळसा घालून पलीकडे निघावयाचें, ही कृति तिनें तोंवर हजारों वेळां केली असेल. त्या दिवशीं त्याच कृतींत गुडघ्यांतून 'टक्' असा आवाज झाला, तो तिला स्वतःला स्पष्ट ऐकूं आला, आणि पाय अंगाखालून कोणी ओढून घेतल्यासारखें वाटलें. मुलगी १६ वर्षांची. दिवेलागणीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

त्यानंतर घरांत जें झालें तें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्यांतील मुख्य सल्ला आमचाच होता. क्ष-किरणांच्या चित्रांत हाड शाबूत दिसलें, एवढ्यावरून आम्हीं लचक भरल्याचा निर्णय देऊन टाकला. आंबेहळदीचे लेप झाले, शेक झाला, शेजारच्या आळींतील एका जाणत्या गृहस्थांकडून चोळूनहि झालें. तीन आठवड्यांत सूज ओसरली, मुलगी जिना चढूं-उतरूं लागली. आणि "घरांत बसून पाय आखडेल, जरा मैदानावर जाऊन ये," असें तिला सांगणारेहि आम्हीच. पांचव्या आठवड्यांत, साध्या सरावांत, गुडघा पुन्हां तसाच निसटला. या वेळीं मोठी तपासणी झाली, तेव्हां कळलें कीं गुडघ्याच्या आंतील एक बंध पहिल्याच दिवशीं पार तुटला होता, आणि बंध नसलेल्या गुडघ्यावर धांवल्यामुळें आतां आंतली गादीहि फाटली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तिनें विचारलें, "मोठे आजोबा, मला कोणी ढकललें नाहीं, मी पडलेंहि नाहीं. मग गुडघा तुटला कसा?" आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, शाळा लहान, म्हणून खेळाचा तासहि पुष्कळदां आमच्याच गळ्यांत पडे. तरी या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच सुमारास आमच्या भावजयींनीं घरांत एक निकाल जाहीर केला. धाकट्या नातीचें, म्हणजे हिच्या १२ वर्षांच्या बहिणीचें, नांव खो-खोच्या संघांतून काढून घ्यावें. एका मुलीचा पाय अधू झाला तेवढें पुरें. त्या माउलीचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु निकाल अमलांत येण्यापूर्वीं थोरलीच्या प्रश्नाचें उत्तर शोधावें, असें ठरवून आम्ही वाचावयास बसलों. डॉक्टरांस विचारलें, व्यायामोपचार करणाऱ्या बाईंस विचारलें, परदेशांतील खेळाडूंवर झालेले प्रयोग वाचून घेतले. जें हातीं लागलें तें, ज्या घरांतून मुलें-मुली खेळावयास जातात त्या घरांपुढें ठेवीत आहों.

गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा सांधा, असें आपण समजतों. तें अर्धेंच खरें. मांडीच्या हाडाचें खालचें टोंक दोन गोल उंचवट्यांचें असतें, आणि तें नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेलें असतें. पुढून वाटीचें झांकण. खुब्याच्या सांध्यांत जसा गोळा खळग्यांत घट्ट बसलेला असतो तसें येथें कांहींच नाहीं. पाटावर दोन लिंबें ठेवून त्यांच्यावर अंगाचा सारा भार तोलावा, तसा हा प्रकार आहे. लिंबें घरंगळत नाहींत याचें श्रेय बंधांना. दोन बाजूंस दोन बंध असतात, आणि सांध्याच्या पोटांत दोन, एकमेकांस फुलीसारखे छेदून जाणारे. शिवाय दोन हाडांच्या मध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चेच्या दोन गाद्या. फुलीच्या दोन बंधांपैकीं पुढचा तो आमच्या नातीचा तुटला. डॉक्टर मंडळी त्याला एसीएल या आद्याक्षरांनींच ओळखतात. लांबी सुमारें ३ सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. काम एवढेंच, कीं नडगीचें हाड मांडीच्या हाडाखालून पुढें सरकूं द्यावयाचें नाहीं आणि भलतीकडे पिळूं द्यावयाचें नाहीं. तरुण माणसाचा हा बंध सुमारें २०० किलोंची ओढ सोसतो. इतका चिवट असूनहि तो तुटतो, आणि तुटल्यावर हाडासारखा आपोआप सहसा सांधला जात नाहीं.

येथें सुश्रुताची आठवण होते. शारीरस्थानांत त्यानें स्नायूंची संख्या ९०० सांगितली आहे, आणि त्यांचें काम समजावून देतांना नावेचा दृष्टांत दिला आहे. फळ्या पुष्कळ बंधनांनीं नीट बांधल्या म्हणजे जशी नाव पाण्यांत माणसांचा भार वाहते, तसें शरीर सांध्यांतील स्नायूंच्या बंधनांमुळें भार सोसतें. हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांच्या इजेनें माणूस जितका निकामी होत नाहीं तितका तो स्नायूच्या इजेनें होतो, असेंहि तो म्हणतो. जानु हें त्यानें मर्मांत गणिलें असून तेथील आघाताचें फळ लंगडेपणा असें सांगितलें आहे. वाचकांनीं एक मात्र ध्यानांत ठेवावें: सुश्रुताचा स्नायु म्हणजे बंध. ज्याला आज आपण स्नायु म्हणतों त्याला तो पेशी म्हणे, आणि पेशी हा शब्द तर आपण आतां शरीराच्या सूक्ष्म घटकाला देऊन बसलों आहों. शब्दांचीं घरें अशीं बदललीं तरी हें मर्म बदललेलें नाहीं. पुढें आम्ही 'स्नायु' हा शब्द आजच्याच अर्थानें वापरूं.

आतां थोरलीच्या प्रश्नाकडे वळूं. गुडघा म्हटला कीं आपल्याला धक्का, टक्कर, पडणें एवढेंच सुचतें. वस्तुस्थिति अशी आहे कीं या बंधाच्या दुखापतींपैकीं सुमारें दोनतृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक दुखापती दुसऱ्या कोणाचा गुडघ्याला धक्का न लागतां होतात. वेगानें धांवतां धांवतां एकदम थांबणें, एका पायावर भार देऊन वळणें, उंच उडीवरून एका पायावर उतरणें, या तीन क्षणांत त्या घडतात. नॉर्वेंतील संशोधकांनीं हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळतांना जायबंदी झालेल्या स्त्री खेळाडूंचीं चलच्चित्रें एकेक क्षण थांबवून तपासलीं आणि २०१० सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाय जमिनीस टेकल्यापासून सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागांत बंध तुटून जातो. टेकतांना गुडघा जवळजवळ ताठ असतो, मग तो आंतल्या बाजूस, दुसऱ्या गुडघ्याकडे, कोसळतो, आणि त्याच वेळीं नडगी पिळली जाते.

सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणजे किती? डोळ्याची पापणी मिटावयास याहून अधिक वेळ लागतो. पाय चुकीचा पडला हें मेंदूस कळून त्यानें स्नायूंना हुकूम द्यावा, तोंवर सारें आटोपलेलें असतें. म्हणजे त्या क्षणीं सावध राहून कांहीं उपयोग नाहीं. "जपून खेळ गं" हा आजीचा उपदेश कितीहि मायेचा असला तरी तो येथें पोहोंचतच नाहीं. पाय टेकण्यापूर्वींच गुडघा वाकलेला असला पाहिजे, आणि खुब्याचे व मांडीचे स्नायु आधींच आवळलेले असले पाहिजेत. हें विचारानें होत नाहीं, सवयीनें होतें. ज्याचें पाठांतर पक्कें झालें तो विद्यार्थी श्लोक म्हणतांना संधि कोठें सोडावा याचा विचार करीत नाहीं. जीभ आपोआप योग्य जागीं थांबते. शरीराच्या संधींचेंहि असेंच आहे, आणि आमच्या सर्व वाचनाचें सार आम्हांस येथें मिळालें. नीट उतरणें आणि नीट वळणें ही पाठ करून घेण्याची विद्या आहे, आणि ती शिकवितां येते.

ती आम्हीं शिकविली काय? उलट शिकविली. कवायतीच्या तासाला लांकडी पेटीवरून उडी मारून जो मुलगा खांबासारखा ताठ, टाचा जुळवून, छाती काढून उभा राही त्याला आम्ही शाबासकी देत असूं. जो गुडघे वाकवून, कमरेंत लवून, मांजरासारखा उतरे त्याला "ढिला उतरलास" म्हणून पुन्हां उडी मारावयास लावीत असूं. मांजर बरोबर होतें आणि मास्तर चूक, हें कळावयास आम्हांस सेवानिवृत्तीनंतर इतकीं वर्षें लागलीं. त्या मुलांचे गुडघे आमच्या शाबासकींतून सुखरूप सुटले असोत.

ताठ गुडघा वाईट कां, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मांडीच्या पुढचा मोठा स्नायु वाटीवरून नडगीच्या हाडास जोडलेला असतो. गुडघा ताठ असतां तो आवळला कीं नडगीचें हाड पुढें ओढलें जातें, म्हणजे नेमका आपला बंध ताणला जातो. मांडीच्या मागचे स्नायु त्याच हाडाला मागें ओढून बंधाला साह्य करतात. परंतु त्यांना हें साह्य गुडघा वाकलेला असतांनाच नीट करितां येतें. बहुतेक खेळाडूंचा पुढचा स्नायु बैठकांनीं आणि धांवण्यानें बळकट झालेला असतो, मागच्याकडे कोणी लक्ष दिलेलें नसतें. त्यांत खुब्याचे बाजूचे स्नायु दुबळे असले म्हणजे मांडीच आंत वळते आणि गुडघ्याला आपल्याबरोबर नेते. दोष दिसतो गुडघ्यांत; त्याचें मूळ पुष्कळदां कमरेंत असतें.

हेंच मुलींच्या बाबतींत अधिक घडतें. एकच खेळ मुलगे आणि मुली खेळत असतां मुलींत या बंधाची दुखापत दुपटीहून अधिक आढळते. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत हा फरक फारसा दिसत नाहीं. वयांत येण्याच्या सुमारास तो सुरू होतो. त्या दोन-तीन वर्षांत मुलीची उंची झपाट्यानें वाढते, कंबर रुंदावते, वजन वाढतें, परंतु मुलग्यांत वाढत्या वयाबरोबर स्नायूंचें बळ जसें आपोआप येतें तसें तिला येत नाहीं. तें व्यायामानें मिळवावें लागतें. आणि आपल्या घरांत काय घडतें? नेमक्या त्याच वयांत तिचें धांवणें-उड्या मारणें आपण कमी करतों. भाऊ आखाड्यांत नाहीं तर निदान गल्लींत क्रिकेट खेळत असतो. ती थेट आंतरशालेय सामन्याच्या आधीं तीन आठवडे मैदानावर जाते आणि पहिल्याच दिवशीं पूर्ण वेगानें धांवते. हा तिच्या देहाचा दुबळेपणा म्हणावा, कीं आपल्या घराच्या रीतीचा? आमच्या मतें दोहोंचा, परंतु दुसरा भाग आपल्या हातचा आहे.

हें शिकवितां येतें याला पुरावा काय, असें आमच्या बंधूंनीं विचारलें. ते बँकेंत होते. आंकड्यांवांचून त्यांचें समाधान होत नाहीं. म्हणून नॉर्वेची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों. त्या देशांत हँडबॉल हा बायकांचा फार आवडता खेळ आहे. बंदिस्त सभागृहांत, प्रत्येक बाजूस सात खेळाडू, चेंडू हातानें फेंकावयाचा. वेगानें येऊन एका पायावर वळणें आणि उडी मारून एका पायावर उतरणें यांत सारें कसब. आपल्या खो-खोशीं वळण्याच्या बाबतींत त्याचें बरेंच साम्य आहे. तेथें १९९८-९९ च्या हंगामांत संशोधकांनीं नुसती मोजणी केली, तेव्हां पहिल्या तीन श्रेणींच्या संघांत मिळून या बंधाच्या २९ दुखापती आढळल्या. पुढच्या हंगामाच्या आरंभीं खेळाडूंना सुमारें पंधरा मिनिटांचे तोल सांभाळण्याचे आणि उतरण्या-वळण्याचे व्यायाम दिले. पहिले पांच ते सात आठवडे आठवड्यांतून तीनदां, नंतर हंगामभर एकदां. त्या हंगामांत दुखापती २३ झाल्या. त्यापुढच्या हंगामांत, संघांना देखरेखीसाठीं व्यायामोपचारतज्ज्ञ दिल्यावर, १७. तीनहि हंगामांत खेळाडूंची संख्या साडेआठशें ते साडेनऊशेंच्या दरम्यान होती. बंधु म्हणाले, "एवढ्यावरून मी कर्ज मंजूर केलें नसतें." तें आम्हांसहि मान्य. परंतु याच हकीकतींत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्या आम्हांस आंकड्यांहून बोलक्या वाटतात. वरच्या श्रेणींत ज्यांनीं व्यायाम नेमानें पुरा केला त्यांच्यांत दुखापती न करणाऱ्यांच्या मानानें फारच थोड्या झाल्या. आणि प्रयोग संपला, संशोधक घरीं गेले, तशा दुखापती पुन्हां वाढल्या. शिक्षकांना नव्यानें शिकवून तोच क्रम पुन्हां चालू केल्यावर त्या पुन्हां उतरल्या. संध्येचा नेम मोडला कीं काय होतें हें आमच्या घरांत कोणास सांगावयास नको.

बंधूंचें समाधान स्वीडनच्या प्रयोगानें झालें. तेथें फुटबॉल खेळणाऱ्या १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुली, २३० मंडळांतल्या. निम्म्याअधिक मंडळांना आठवड्यांतून दोनदां १५ मिनिटांचे सहा व्यायाम शिकविले, बाकीच्यांना नेहमींप्रमाणें खेळूं दिलें. २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: व्यायाम करणाऱ्यांत या बंधाच्या दुखापतीचें प्रमाण ६४ टक्क्यांनीं कमी. उपकरण कांहीं नाहीं, खर्च कांहीं नाहीं. सरावाच्या आरंभीं अंग गरम करण्याचा जो वेळ तसाच वायां जातो तोच वापरला. हे सहा व्यायाम आमच्या अंगणांत आम्हीं करवून पाहिले आहेत, तेव्हां ते सांगतों.

दोन पायांवर बैठक हा पहिला. आपल्या आखाड्यांतली पूर्ण बैठक नव्हे. पावलें खांद्यांइतकीं दूर, टाचा जमिनीवर, खुर्चीवर बसावयास निघाल्यासारखें कमरेंतून मागें जावयाचें आणि अर्ध्यावरून परत यावयाचें. दुसरा तोच एका पायावर. येथें खरी परीक्षा होते. आमच्या धाकट्या नातीला प्रथम आरशापुढें उभी केली तेव्हां पहिल्याच वांकण्याला तिचा गुडघा आंत गेला, आणि तो गेला हें तिला कळलेंहि नाहीं. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या बरोबर वर राहिला पाहिजे, कंबर एका बाजूस झुकतां कामा नये. तिसरा, पुढें लांब पाऊल टाकून तो गुडघा वाकवावयाचा आणि परत मागें यावयाचें. चौथा, उताणें निजून, गुडघे उभे करून, कंबर जमिनीवरून उचलावयाची. जमलें म्हणजे एकाच पायावर. यानें मांडीच्या मागचे स्नायु आणि कुले बळकट होतात. पांचव्यांत पालथें होऊन कोपरें आणि चवडे यांवर देह फळीसारखा सरळ धरावयाचा. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना तो अवघड वाटणार नाहीं.

सहावा उडीचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांचा राजा. जागच्या जागीं उडी, पुढें उडी, बाजूला उडी. आधीं दोन पायांवर, मग एका पायावर. उतरतांना चवडा प्रथम, मग टाच. गुडघा आणि कंबर दोन्ही वाकलेलीं. धड पावलाच्या वर. आणि उतरल्यावर क्षणभर तसेंच स्थिर. खूण एकच सांगावी: आवाज होतां कामा नये. मुलाला "गुडघ्याचा कोन पाहा" म्हटल्यानें कांहीं कळत नाहीं. "खालच्या मजल्यावर आजी निजली आहे" म्हटलें कीं तें आपोआप बरोबर उतरतें. उतरणें साधलें म्हणजे त्याला वळणें जोडावें. एकाच लांब पावलानें शरीर रोवून वळण्याऐवजीं तीन-चार आंखूड पावलें टाकून, अंग खालीं घेऊन वळावें. हे व्यायाम दोघांनीं मिळून करावे. एकानें करावें, दुसऱ्यानें गुडघ्याकडे पाहावें. व्यायाम सोपे आहेत, चुकीचे करणें त्याहून सोपें आहे, आणि चुकीचे केल्यास चूकच पाठ होते.

आपल्याकडे लंगडी आहे, लगोरी आहे, सूर्यनमस्कार आहेत, मग ही परदेशी उठाठेव कशाला, असा आक्षेप येईल. आम्हांस लंगडीचा मोठा अभिमान आहे. एका पायावर उतरण्याचा तो खेळच आहे, आणि मुलींनीं तो बाराव्या वर्षीं सोडूं नये असेंच आम्ही म्हणूं. परंतु लंगडींत गुडघ्याकडे कोणी पाहत नाहीं, पाहतात ते गड्याकडे. आणि कोणताहि एकच व्यायाम येथें पुरा पडत नाहीं. बळ, तोल, उडी आणि उतरण्याची शिस्त हीं चारी एकत्र असावीं लागतात. खेळाच्या आधीं पाय ताणून बसण्याची जी चाल आहे तिनें अंग मोकळें होत असेल, पण बंधाचें रक्षण होत नाहीं. दुकानांत मिळणारा लवचीक पट्टा धड गुडघ्यावर चढविल्यानें मनाला धीर येतो, एवढाच त्याचा उपयोग.

मैदानाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. खो-खो आणि कबड्डी हे मातीचे खेळ आतां मोठ्या सामन्यांत चटईवर गेले आहेत. माती पायाखालून थोडी सरते. चटई पाय धरून ठेवते, आणि शरीर वळलें तरी पाऊल वळत नाहीं. नॉर्वेंतच असें दिसून आलें कीं लांकडी जमिनीपेक्षां अधिक पकड असलेल्या कृत्रिम जमिनीवर स्त्री खेळाडूंच्या या दुखापती अधिक झाल्या. म्हणून मातीवर शिकलेल्या मुलीला सामन्याच्या दिवशींच प्रथम चटई दाखवूं नये. चार दिवस आधीं, मंद गतीनें, त्या पकडीची ओळख करून द्यावी. कबड्डीचा प्रश्न अंमळ निराळा. चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावत असतां त्याचा एक पाय रोवलेला असतो आणि त्यावर दोघां-तिघांचा भार बाजूनें येतो. तेथें उतरण्याचें कसब अपुरें पडतें. बळ मात्र तेथेंहि उपयोगी पडतें, आणि पकडणारांनीं रोवलेल्या गुडघ्यावर आडवें अंग टाकूं नये ही शिकवण शिक्षकानें पहिल्या दिवसापासून द्यावी.

इतकें करूनहि दुखापत होणारच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. ती झाल्यास आमच्यासारखें करूं नका. गुडघ्यांत आवाज झाला, पाय निसटल्यासारखा वाटला आणि कांहीं तासांतच मोठी सूज आली, तर ती साधी लचक नव्हे असें समजून चालावें. खेळ तेथेंच थांबवावा. कापडांत गुंडाळून बर्फ लावावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. चोळूं नये, शेकूं नये. क्ष-किरणांचें चित्र हाडें दाखवितें, बंध दाखवीत नाहीं, तेव्हां तें चांगलें आलें म्हणून निश्चिंत होऊं नये. सांध्यांच्या डॉक्टरांनीं हातानें तपासणें अवश्य आहे. वेदना आणि सूज ओसरली म्हणजे गुडघा बरा झाला, ही आमची समजूत सर्वांत घातक ठरली. प्रत्येकास शस्त्रक्रिया लागते असेंहि नाहीं. कांहींजण स्नायु बळकट करून तिच्यावांचून चालवितात. ज्यांना पुन्हां धांवून-वळून खेळावयाचें आहे त्यांचा बंध बहुधा त्यांच्याच शरीरांतील कंडरेची पट्टी घेऊन नव्यानें घालतात. त्यानंतरचा काळ कठीण. गुडघा चौथ्या-पांचव्या महिन्यांत चांगला वाटूं लागतो, आणि मोह होतो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं नऊ महिन्यांपर्यंत जितका एकेक महिना परतणें लांबविलें तितका गुडघा पुन्हां दुखावण्याचा धोका दर महिन्यागणिक सुमारें निम्म्यानें उतरला. आणि शस्त्रक्रिया कितीहि चांगली झाली तरी हा बंध तुटलेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना १० ते २० वर्षांत त्या गुडघ्याचा संधिवात गांठतो. सोळाव्या वर्षीं तुटला तर ऐन पस्तिशींत, लेंकरें कडेवर असतांना. आमच्या भावजयींच्या भीतींत तथ्य होतें तें एवढें.

हें सर्व आम्हीं त्यांना आषाढांत एका दुपारीं बसून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच विचारलें, "मुलगी घरांत बसवली तर गुडघा सुखरूप राहील ना?" आम्हीं म्हटलें, "या दुखापतीपासून राहील. पण तिचीं हाडें, स्नायु आणि तिचें मन यांचें काय, तें तुम्हीच पाहा." त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मोठ्या खोलींतला उभा आरसा गड्याकडून उचलवून ओसरीवर आणविला.

धाकटीच्या खेळाच्या शिक्षिकेला आम्ही जाऊन भेटलों. तिनें आधीं सांगितलें कीं सरावाला मिळतो पाऊण तास, त्यांतले पंधरा मिनिटें उड्यांत घालविलीं तर खो द्यावयाला कधीं शिकवूं? प्रश्न रास्त होता. शेवटीं मंगळवार आणि शुक्रवार ठरले. मुलींनीं आधीं जें मैदानाभोंवतीं रेंगाळत धांवावयाचें तें सोडून हें करावयाचें. अडीच महिने तें चाललें आहे. चौदा मुलींपैकीं आठ-नऊ मन लावून करतात, बाकीच्या बोलत उभ्या राहतात. शाळेंत सूत्रपाठ घेतांनाहि आमच्या वर्गाचें प्रमाण सुमारें हेंच असे.

थोरलीला अजून दोन महिने मैदान बंद आहे. संध्याकाळीं ती ओसरीच्या पायरीवर बसते आणि बहिणीकडून उड्या करवून घेते. तिच्याइतका कडक परीक्षक आम्हीं आमच्या साऱ्या नोकरींत पाहिला नाहीं. काल धाकटी अकराव्या उडीला जरा धाडकन् उतरली, तेव्हां आम्ही आंतून "बरें झालें, चालेल," असें म्हणालों. बाहेरून उत्तर आलें, "मोठे आजोबा, तुम्ही मध्यें बोलूं नका. गुडघा आंत गेला होता. पुन्हां कर गं, पहिल्यापासून."